पिवळं उजेडात असतं

वर्ना टॉलेफसनने रंगात एकदाच चूक केली, असं एल्डर लेक गावात अजून सांगतात. कुठली चूक, ते मात्र कोणी सांगत नाही. कॉफीचा घोट घेतात, खिडकीबाहेर बघतात आणि उद्या बर्फ किती पडेल यावर बोलायला लागतात. ती चूक नऊ वर्षं चालली होती आणि शेवटी तिच्यापायी वर्नाचा नवरा गेला, हे तोंडाने म्हणायची विस्कॉन्सिनच्या त्या भागात पद्धत नाही.

गावातला एकमेव मोठा धंदा म्हणजे शाळेच्या फोटोंची लॅब. सप्टेंबर उजाडला की आसपासच्या सहा जिल्ह्यांतली पोरं भांग पाडून, नवे शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायची आणि त्यांचे चेहरे हजारोंनी लॅबमध्ये येऊन पडायचे. मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. भिंती राखाडी, गालिचा राखाडी आणि आत बसणाऱ्या सात बायकांचे अंगरखेही राखाडी. शेजारी भडक रंग असला की डोळा फसतो, म्हणून नेलपॉलिश नाही, लिपस्टिक नाही, चष्म्याची काडीसुद्धा रंगीत चालायची नाही. या बायकांचं दिवसभर एकच काम. स्क्रीनवर चेहरा आला की चार सेकंदांत त्याचा रंग ठाकठीक करायचा. लाल दोन कमी, पिवळा एक कमी, पुढचा चेहरा.

त्या खोलीत वर्नाचा शब्द शेवटचा. ती एकोणचाळीस वर्षं तिथे बसली होती आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. लोइस नावाची तिची जुनी सोबतीण एकदा आईला पुरून दुसऱ्या दिवशी कामावर आली, तेव्हा अंगरख्यावर आईचा लाल खड्याचा ब्रोच लावलेला होता. वर्नाने तिला सगळ्यांसमोर तो गाडीत ठेवून यायला लावला. "आई तुझी गेलीय, लोइस. माझे चेहरे अजून जिवंत आहेत," ती म्हणाली. लोइस गेली, ठेवून आली, बसली आणि कामाला लागली. वर्नाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण सहा जिल्ह्यांतल्या प्रत्येक मुलाचा रंग तिच्या हाताखालून गेला होता आणि एवढ्यावर ती कोणालाही काहीही बोलू शकते, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

नव्याने आलेल्या बाईला पहिल्या दिवशी ती एकच धडा द्यायची. "चेहऱ्यात पिवळं नसतं. पिवळं उजेडात असतं. उजेडाचा दोष काढला की चेहरा आपोआप ताळ्यावर येतो." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की बायका तिच्या पाठीमागे तिचा आवाज काढून ते म्हणून दाखवायच्या.

तिच्या समोरचा मॉनिटर म्हणजे एक नंबर. २००४ साली काचेची जाडजूड खोकी गेली आणि सपाट एलसीडी मॉनिटर आले, तेव्हा पहिला वर्नाच्या टेबलावर चढला. तिने तो नऊ वर्षांत एकदाही बंद केला नाही. "गरम व्हायला अर्धा तास घेतो. तेवढ्यात माझे चारशे चेहरे होतात," ती म्हणायची. मग तो रात्रभर, रविवारी, ख्रिसमसलासुद्धा रिकाम्या खोलीत जळत राहायचा. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला एक ठिपका कधीच मेला होता आणि कायमचा काळा पडला होता. वर्ना त्याला तीळ म्हणायची. नवी बाई तिच्या जागेवर बसली आणि एखाद्या पोराच्या हनुवटीवरून तो तीळ पुसायला लागली की वर्ना पाठीमागे उभी राहून मिनिटभर मजा बघायची आणि मग म्हणायची, "नखाने खरवडून बघ, निघतोय का."

लॅबची एक जुनी रीत होती. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सगळे मॉनिटर जुळवायचे आणि ते एक नंबरशी जुळवायचे. कारण असं की आजीच्या भिंतीवर पोराचे सहा वर्षांचे सहा फोटो ओळीने लागतात. यंदाचा फोटो गेल्या वर्षीच्या शेजारी उपरा दिसता कामा नये. म्हणून नव्याने जुन्यासारखं व्हायचं. या विचारात खोट नव्हती. खोट त्या जुन्यात होती.

२०१३ च्या ऑगस्टात सहा मॉनिटर कोरे करकरीत आले. लायल नावाचा टेक्निशियन ते लावायला आला होता. शांत माणूस, बोलायच्या आधी नाक पुसायचा. त्याने रंग मोजायचं छोटं यंत्र एक नंबरवर टांगलं, आकडे बघितले आणि नाक पुसलं.

"वर्ना, ह्याच्या पाठीमागच्या दिव्याने मान टाकलीय. पंच्याहत्तर हजार तासांच्या वर जळलाय हा. उजेड अर्ध्यावर आलाय आणि पिवळा पडलाय."

"म्हणजे बिघडलाय?"

"बिघडलेला नाही. म्हातारा झालाय. सगळ्यांचंच होतं ते. तो मेलेला ठिपकासुद्धा कंपनीच्या पुस्तकात चालतो म्हणून लिहिलंय. नॉर्मल आहे."

"नॉर्मल आहे ना? मग हात काढ त्याच्यावरून."

दिवे मंद केले. सातही स्क्रीनवर एकाच बाईचा नमुन्याचा फोटो लावला. वर्ना ओळीने चालत गेली आणि सहाही नव्यांना नाकं मुरडली. "मयत आणून बसवल्यासारखी दिसतेय. निळा काढ. अजून काढ." लायलला वादाची हौस नव्हती. त्याने सहा नवे मॉनिटर एकेक करून म्हातारे केले.

मग झालं असं की सगळ्या खोलीत सगळेच चेहरे पिवळे दिसायला लागले आणि सातही बायका प्रत्येक पोरातून पिवळं उपसून काढायला लागल्या. वर्नाने त्याचं खापर फोटोग्राफरांवर फोडलं. हल्लीची पोरं स्वस्तातले दिवे लावतात, आणि काय. छापून जाणारी मुलं निळसर, करडी, आठवडाभर तापाने पडल्यासारखी दिसत होती. गेली काही वर्षं हेच थोडं थोडं वाढत चाललं होतं. आया कुरकुरायच्या आणि फोटो भिंतीला लावून टाकायच्या.

पाकू व्हांग मात्र बोलली. एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई, लाओसहून आलेल्या हमोंग घरातली, खोलीत येऊन दोन वर्षं झालेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने स्वतःच्या मुलाचा छापलेला फोटो आणून वर्नाच्या टेबलावर ठेवला.

"वर्ना, जरा बाहेर उन्हात येऊन बघा हा. ह्याचे ओठ बघा. थंड पाण्यातून काढल्यासारखे आहेत."

"मग मुलाला स्वेटर घाल."

"एक नंबर पिवळा झालाय. आपण पोरांमधून जे काढतोय ते पोरांत नाहीच आहे."

खोलीत माऊसचा आवाज थांबला. वर्नाने फोटो उचलला, आपल्या स्क्रीनशेजारी धरला आणि परत पाकूच्या हातात दिला. "तू जन्मलीस तेव्हा मी आठ वर्षं चेहरे बघत होते. मला रंग शिकवायला आलीस होय?" मग ती उठून मालकाच्या केबिनमध्ये गेली. मालक केंट ब्रेकी. त्याचा पहिलीचा फोटो वर्नानेच सुधारला होता आणि ती हे त्याला विसरू द्यायची नाही. "केंट, ती तरी राहील त्या खोलीत, नाहीतर मी तरी," एवढंच ती म्हणाली. मंगळवारपासून पाकू मागच्या दाराशी फोटो पाकिटांत भरायला बसली. बाकीच्या पाचजणींनी पुढचा चेहरा उघडला.

वर्नाचा नवरा ऑर्व्हल. तीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवून निवृत्त झालेला, अंगाने भक्कम, बोलायला कंजूष. दर गुरुवारी दुपारी तो बायकोसाठी ओव्हनमध्ये भाजलेली खिमा-बटाट्याची गरम हॉटडिश डब्यात घालून लॅबच्या मागच्या दाराने यायचा. वर्नाचं कोणावर प्रेम होतं का, असं कोणी विचारलं असतं तर गावाने ऑर्व्हलकडे बोट दाखवलं असतं. ती त्याला टाकून बोलायची नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

सप्टेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी जेवताना तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं. चार पॉइंट पिवळा, ती मनात म्हणाली. तिने वर दिव्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून तिने दिवसाच्या उजेडासारखा पांढरा बल्ब आणला, खुर्चीवर चढून लावला, खाली उतरून डोळे बारीक करून नवऱ्याकडे बघितलं.

"झालास ठीक."

"मला काय झालं होतं?" ऑर्व्हल म्हणाला.

"तुला नाही, बल्बला."

तो हसला. मग पुन्हा पाठ खाजवायला लागला. त्याला महिनाभर खाज सुटत होती. वर्नाने त्यासाठी कपड्यांचा साबण बदलला. तो अर्धी थाळी टाकून उठायला लागला, तेव्हा तिने मांसाचं दुकान बदललं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा पिवळा वाटला म्हणून तिने न्हाणीघरातला बल्ब बदलला आणि बैठकीच्या दिव्यावरची जुनी शेडही काढून टाकली. त्या घरात बदलायचं असं फार काही शिल्लक उरलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी तो डबा घेऊन मागच्या दारात उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. वर्ना डबा घ्यायला आली तेव्हा पाकू पाकिटं तशीच टाकून उभी राहिलेली होती.

"वर्ना, ह्यांना कावीळ झालीय. डोळे बघा त्यांचे. आजच दवाखान्यात न्या."

पाकिटं भरणाऱ्या आठ-दहा बायका होत्या, लोइसही पाणी प्यायला आली होती. एक नंबरच्या भांडणाला पुरता महिनाही झाला नव्हता. ही आता माझ्या नवऱ्याच्या तोंडावरून मला पिवळं दाखवतेय, असंच वर्नाला वाटलं आणि ती पेटली.

"तुमच्याकडे मुळातच पिवळट असतात ना तोंडं? म्हणून तुला सगळीकडे पिवळंच दिसतं."

 ऑर्व्हलने मान खाली घातली. त्याला बायकोची लाज वाटली, की स्वतःची, ते सांगता येणार नाही. पाकू खाली बसली आणि तिने पुढचं पाकीट उचललं.

त्या संध्याकाळी ऑर्व्हलने स्वयंपाकघरात टोपी काढून विचारलं, "वर्ना, मी पिवळा दिसतो का गं?"

तिने त्याला पांढऱ्या बल्बखाली उभं केलं. हनुवटी धरून चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. चार सेकंदांच्या कामाला तिने पुरतं मिनिट दिलं.

"नाही," ती म्हणाली.

"डॉक्टरला दाखवू का उगाच?"

"कशाला? त्या पोरीला माझा सूड घ्यायचाय, तुझ्या तोंडावरून."

ऑर्व्हलने टोपी खुंटीला अडकवली. एकोणचाळीस वर्षं चेहरे बघणारी बाई घरात असताना त्याने आणखी कोणाला विचारायचं? तो निर्धास्त झोपला.

ऑक्टोबर संपता संपता तो पुन्हा डबा घेऊन आला. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. वर्नाने बघितलं की पाकूने मान वर केली, ऑर्व्हलकडे बघितलं, नीट बघितलं, मग वर्नाकडे बघितलं आणि परत पाकिटात फोटो सरकवला. आपण तिचं तोंड बंद केलं याचा वर्नाला आनंद झाला. तो गुरुवार तिला पुढे फार वेळा आठवला.

नोव्हेंबरात अकरा शाळांनी फोटो परत पाठवले. एका मुख्याध्यापिकेने लिहिलं होतं की आमची मुलं बुडून मेलेली नाहीत.  केंटने लायलला बोलावलं. लायलने नाक पुसलं, सहा मॉनिटर पुन्हा यंत्राने सरळ केले, सातवा नवा आणून एक नंबरच्या शेजारी लावला आणि दोन्हींवर नमुन्याच्या बाईचा तोच फोटो उघडला. एक बाई निरोगी होती. दुसरी लघवीत भिजवून काढल्यासारखी होती. लोइस मोठ्याने म्हणाली, "अगं बाई." वर्ना एकटीच म्हणत राहिली की नवा निळा आहे. कोणी वाद घातला नाही. तेवढी दया तिला नको होती.

केंटने पाकूला परत आत घेतलं आणि वर्नाच्या खुर्चीवर बसवलं. वर्नाला निवृत्तीचा केक कापून दिला. एक नंबर भंगारात चालला होता, तो तिने मागून घेतला, गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावून घरी आणला.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. ऑर्व्हलने नारिंगी जाकीट चढवलं आणि दरवर्षीसारखा मित्रांबरोबर रानातल्या झोपडीवर गेला. रात्री बर्फ पडला होता. सकाळी सगळे बाहेर आले आणि त्याचा मित्र बड याने पांढऱ्या बर्फावर उभ्या असलेल्या ऑर्व्हलकडे बघितलं तेव्हा त्याच्या हातातली कॉफी सांडली. दुपारच्या आत त्यांनी ऑर्व्हलला पिकअपमध्ये घालून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं. वर्ना पोचली तेव्हा बड दारातच होता. "तू रोज बघत होतीस ना गं त्याच्याकडे?" तो म्हणाला. जन्मात त्याने तिला एवढं लांब वाक्य कधी ऐकवलं नव्हतं.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने ऑर्व्हलची पापणी खाली ओढून विचारलं, "हे पिवळेपण कधीपासून आहे?"

 पलंगावरून ऑर्व्हलच बोलला. "नाहीये ते, डॉक्टर. मी हिला विचारलं होतं. ही म्हणाली, नाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. साक्षीला उभं केल्यासारखं तो सांगत होता, बायकोच्या बाजूने.

स्वादुपिंडात गाठ होती, तिने पित्ताची नळी दाबली होती आणि आता ती यकृतात पसरली होती. डॉक्टरने कागदावर आकृती काढून दाखवली. "सहा-सात आठवडे आधी आला असतात तर निदान ऑपरेशनचा विचार तरी केला असता." वर्नाने मनात आठवडे मोजले. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारपासून सात भरत होते. ऑर्व्हलने मोजले की नाही, कोण जाणे. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि त्याने शिव्या घातल्या असत्या तर वर्ना त्याची ऋणी राहिली असती. तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला, हळदीच्या रंगाचा होऊन. शेवटच्या दिवसांत वर्ना त्याच्या खोलीतला दिवा लावू द्यायची नाही.

शवपेटीजवळ ठेवायचा फोटो तिने निवडला. उन्हाळ्यातला, तळ्यावरचा, हातात मासा. लॅबने तो पाकूकडून करून द्यायची तयारी दाखवली. वर्ना म्हणाली, माझ्या नवऱ्याला माझ्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. तिने एक नंबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला, ऑर्व्हलला त्याच्यावर उघडलं, आणि तो तिला पिवळा दिसला. या खेपेला तिने हयगय केली नाही. त्याच्यातलं सगळं पिवळं ती एकेक पॉइंट करून काढत बसली. पहाटेपर्यंत तिच्या डोळ्यांना तो निरोगी दिसायला लागला. कोपऱ्यातला काळा तीळ नेमका माशाच्या डोळ्याशी आला होता.

ल्यूथरन चर्चमध्ये दर्शनाला अर्धं गाव आलं. अंत्यविधीवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. पेटीतल्या ऑर्व्हलला गुलाबी पावडर लावून गाल फुलवले होते. शेजारी चौकटीत तळ्यावरचा ऑर्व्हल होता, निळा-करडा, ओठ जांभळे, मेलेल्या माशाहून मेलेला. लोक रांगेने यायचे, पेटीत बघायचे, फोटोत बघायचे आणि वर्नाचा हात धरून म्हणायचे, "छान फोटो आहे. मासा मोठा होता." लोइस आईचा लाल ब्रोच लावून आली होती. ती फोटोसमोर दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त वेळ थांबली.

पाकू रांगेच्या शेवटी होती. तिने वर्नाचा हात हातात घेतला, तेव्हा वर्नाने तो सोडला नाही.

"तू सांग. तू खरं सांगतेस," वर्ना म्हणाली. "रंग कसा आलाय?"

पाकूने फोटोकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग ती वर्नाकडे वळली, ऑक्टोबर संपतानाच्या त्या गुरुवारी वळली होती तशीच.

"नॉर्मल आहे," ती म्हणाली, हात सोडवून घेतला आणि गेली.

 वर्नाने अंत्यविधीवाल्याला खुणेने बोलावून फोटोवरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "तो बल्ब खराब आहे. निळा उजेड टाकतोय. बदला."

"साधाच आहे हो तो, मिसेस टॉलेफसन."

"बदला म्हणते ना."

त्याने शिडी आणली, चढला, बल्ब बदलला. वर्नाने डोळे बारीक करून नवऱ्याकडे बघितलं. "दुसरा आहे का?" त्याने दुसरा लावला. तिसरा तो लावत असताना पाद्रीबुवांनी हळूच घसा खाकरला आणि लोक एकेक करून हॅमची सँडविचं खायला तळघरात उतरले.